तीन मुले, तीन वये आणि विज्ञानाचा एक अभ्यासक्रम: सल्ला हवा आहे

गोदाकाठ

नमस्कार. आम्ही नाशिकला गंगापूर रस्त्यावर राहतो. थोरला मुलगा दहा वर्षांचा आहे, मधली मुलगी सात वर्षांची आहे आणि धाकट्याला नुकतेच चौथे वर्ष पूर्ण झाले. गेल्या जूनपासून आम्ही मुलांना घरीच शिकवतो. हा निर्णय योग्य की अयोग्य याची चर्चा घरातल्या वडीलधाऱ्यांशी, शेजाऱ्यांशी आणि एकदा तर रिक्षावाल्या काकांशीही यथासांग झालेली आहे, तेव्हा ती इथे कृपया नको.

मराठी, इंग्रजी आणि गणित यांची घडी बसली आहे. त्या विषयांत प्रत्येकाचे पुस्तक वेगळे आणि बसण्याची वेळ वेगळी, हे मुलांनाही पटते. घोडे अडले आहे ते विज्ञानापाशी. जूनमध्ये मी थोरल्यासाठी बालभारतीचे पाचवीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक आणले. दुसरीला त्या विषयाचे स्वतंत्र पुस्तक नसल्यामुळे मधलीसाठी तिसरीचेच आणले. आणि धाकट्याला रंगवायला चित्रे दिली. दोन महिन्यांत लक्षात आले की वेळापत्रकात दोन तास असले तरी प्रत्यक्षात तास एकच होतो. थोरल्याचा प्रयोग मांडला की मधली आपले पुस्तक टाकून येते, आणि धाकटा ज्या भांड्यात काही ओतलेले असेल त्यात हात घालतो. मधलीच्या तासाला मात्र थोरला "हे मला येते" असे म्हणून सगळी उत्तरे आधीच सांगून मोकळा होतो, आणि मग ती रुसते.

पर्याय मी असे पाहिले आहेत. बालभारतीची पुस्तके सहज मिळतात आणि संकेतस्थळावर विनामूल्यही आहेत, परंतु परिसर अभ्यासात विज्ञानाबरोबर भूगोल आणि नागरिकशास्त्र गुंफलेले असल्यामुळे क्रमाने गेल्यास कित्येक आठवडे विज्ञान येतच नाही. एनसीईआरटीनेही नव्या पुस्तकांत तिसरी ते पाचवीपर्यंत विषय एकत्र ठेवला आहे आणि विज्ञान सहावीपासून वेगळे केले आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी तयार केलेला 'स्मॉल सायन्स' हा अभ्यासक्रम चाळला. तो मनापासून आवडला, पण तोही इयत्तावार आहे. अमेरिकेत असलेल्या माझ्या नणंदेने तिकडे घरी शिकवणाऱ्या अनेक कुटुंबांत रूढ असलेली एक पद्धत कळवली. पहिल्या वर्षी सजीव, दुसऱ्या वर्षी पृथ्वी आणि अवकाश, तिसऱ्या वर्षी रसायन, चौथ्या वर्षी भौतिक. घरातली सगळी मुले त्या त्या वर्षी तोच विषय आपापल्या पातळीवर शिकतात आणि चार वर्षांनी चक्र पुन्हा फिरते. कल्पना मोहक वाटली, पण संचाची किंमत डाकखर्चासह ऐकून यजमानांनी चहाचा कप खाली ठेवला. शेवटचा पर्याय म्हणजे दरमहा घरी येणारे प्रयोगांचे खोके.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. तिघांना मिळून एकच अभ्यासक्रम चालतो का? चालत असेल तर पातळी कोणाची धरायची? आणि उद्या थोरला शाळेत परत गेला किंवा मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसला, तर असे शिकल्यामुळे त्याचे काही राहून जाईल का? मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि माझे विज्ञान दहावीला संपले, हेही कृपया ध्यानात घ्यावे.

मखमलाबादची शेतकरीण

ताई, माझा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे आणि मुलगी बारा वर्षांची. दोघेही घरीच शिकले. आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे मी जे सांगेन ते शेताकडे झुकलेले असणार, हे धरून वाचावे.

एकच विषय सगळ्यांना, हे जमते. मी सुरुवातीला चूक केली ती विषय पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून घेण्याची. बाहेर गोदावरीला पूर आलेला आणि आम्ही आत बसून पाणीटंचाईचा धडा वाचतो आहोत, असे एका ऑगस्टमध्ये झाले. त्या दिवशी पुस्तक मिटले, मुलांना घेऊन रामकुंडाकडे गेले आणि लांबून, पोलिसांनी लावलेल्या दोरीच्या अलीकडून, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती दाखवला. आपल्याकडे पूर सांगायची रीतच आहे ना, की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. मुलीने घरी आल्यावर मारुतीचे चित्र काढून त्यावर पाण्याच्या रेघा मारल्या आणि तीन दिवस रोज नवी रेघ वाढवली. मुलाने वर्तमानपत्रात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले ते वाचले, आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर हे कळल्यावर आपल्या घरावरची १,००० लिटरची टाकी किती वेळात भरेल याचा हिशेब केला. हजार क्युसेकला टाकी एका सेकंदात २८ वेळा भरते हे उत्तर त्याला खोटे वाटले, म्हणून त्याने ते तीनदा करून पाहिले. विषय एक, मारुती एक, पण दोघांच्या वह्या उघडल्या तर एकाच घरातल्या वाटणार नाहीत.

तेव्हापासून मी वर्षाचे चक्र धरले. पावसाळ्यात पाणी, माती आणि खडक. दसऱ्यापासून वनस्पती आणि किडे. थंडीत पक्षी आणि आकाश. उन्हाळ्यात ऊन, सावली आणि वाळवण. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी असते, त्यामुळे वेलीचे वर्ष डोळ्यांसमोर दोनदा नव्याने सुरू होते. तुमच्याकडे बाग नसली तरी गच्चीवर एक वेल पुरतो, नाहीतर कुंडीतली मेथीही चालेल.

पातळी थोरल्याची धरावी, असे माझे ठाम मत आहे. मधल्या वयाची धरली तर थोरला कंटाळतो आणि धाकट्याला तसाही फरक पडत नाही. वरच्या पातळीचे बोलणे चालू असताना लहान मूल आपल्याला झेपेल तेवढेच उचलते, आणि कित्येकदा आपल्या अंदाजापेक्षा जास्त उचलते. फक्त सगळ्यांकडून एकाच प्रकारचे काम मागू नये. उदाहरण म्हणून बेदाण्याचा प्रयोग सांगते, कारण तो मी दोनदा केला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन ताटांत अर्धा अर्धा किलो द्राक्षे घ्यावीत. एका ताटातली आधी मोठ्या माणसाने कढत पाण्यात क्षणभर बुडवून काढावीत, दुसऱ्यातली तशीच ठेवावीत, आणि दोन्ही ताटे मलमलीखाली उन्हात ठेवावीत. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो. तो आतले पाणी धरून ठेवतो आणि कढत पाण्याने तो थर विस्कटतो, म्हणून पहिले ताट आधी सुकते. धाकट्याने रोज एक एक मणी हातात घेऊन मऊ की कडक, ते सांगावे. मधलीने रोज एकेका मण्याचे चित्र काढावे. थोरल्याने दररोज वजन करून आलेख काढावा आणि किलोभर द्राक्षांचा जेमतेम पाव किलो बेदाणा का होतो ते शोधावे. शेवटी सगळे मिळून बेदाणे खातात, आणि चार-दोन पाण्यात टाकले की ते पुन्हा फुगतात. त्यातून पुढचा आठवडा निघतो.

आठवड्यातून दोन दिवस, तास-तासभर, एवढेच मी शिकवले. जानेवारीत एखाद्या रविवारी नांदूर मध्यमेश्वरला जाऊन दुर्बिणीतून पक्षी पाहणे हे त्याव्यतिरिक्त. विकत घेतलेला अभ्यासक्रम मात्र शेवटपर्यंत एकही पूर्ण झाला नाही, आणि त्याची मला आता खंतही वाटत नाही.

पंचवटीच्या बाई

मी माध्यमिक शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाले. वरचे उत्तर मला फार आवडले आणि तरीही त्यातले अर्धेच मी मान्य करीन.

विषय समान ठेवता येतो हे खरे, पण प्रत्येक विषय समान ठेवता येत नाही. मी दोन चाळण्या लावते. पहिली चाळणी अशी की या विषयातला पुरावा मुलाला डोळ्यांनी दिसतो किंवा हाताला लागतो का. पाऊस, सावली, चुंबक, पाने, किडे, दगड, चंद्राच्या कला हे सगळे या चाळणीतून सुखरूप जाते. चार वर्षांचा आणि दहा वर्षांचा शेजारी बसून तेच पाहू शकतात. दुसरी चाळणी अशी की या कल्पनेला कोणते गणित लागते. घनता घ्या. "काय तरंगते आणि काय बुडते" हा खेळ तिघांनाही खेळता येईल, पण घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, आणि भागाकार ज्याच्या अंगवळणी पडलेला नाही त्याला आपण त्या जागी "हलके तरंगते, जड बुडते" हे वाक्य देऊन मोकळे होतो. ते वाक्य चुकीचे आहे. मोठा ओंडका तरंगतो आणि टाचणी बुडते. हेच चुकीचे वाक्य नववीच्या वर्गात माझ्यासमोर आत्मविश्वासाने उभे राहायचे, आणि ते काढायला मला जितके कष्ट पडत तितके नवे काही शिकवायला पडत नसत.

तुमच्या घरातल्या तिघांची समज कुठे आहे ते आज संध्याकाळीच पाहा. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या, तिघांकडून "सारखे आहे" असे वदवून घ्या, आणि त्यांच्या देखत एका पेल्यातले पाणी उंच, निमुळत्या बरणीत ओता. आता जास्त कुठे आहे ते विचारा. चार वर्षांचा बहुधा बरणीकडे बोट दाखवील. सात वर्षांची कदाचित घुटमळेल. दहा वर्षांचा तुमच्याकडे "हा काय प्रश्न झाला" अशा नजरेने पाहील. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने वापरलेली ही कसोटी आहे. धाकट्याला समजावून सांगून त्याचे उत्तर बदलण्याच्या भरीस पडू नका. ते आपोआप बदलते. मात्र ज्याला पाणी तेवढेच राहते हे अजून पटलेले नाही, त्याला मीठ विरघळले तरी मिठाचे वजन राहते हे सांगून काय उपयोग? त्याच्यासाठी मीठ नाहीसे झाले, आणि चव घेतली की परत आले. तेवढे पुरे आहे. थोरल्याने तराजूवर पाणी आणि मीठ आधी वेगवेगळे आणि मग एकत्र तोलावे.

म्हणून माझी विभागणी अशी: आठवड्यातला एक दिवस तिघांचा मिळून, मखमलाबादच्या ताई सांगतात त्याच पद्धतीने, आणि एक दिवस फक्त थोरल्याचा, धाकटा झोपलेला असताना, ज्यात मोजमाप, तक्ते आणि न दिसणाऱ्या गोष्टी येतील. मधली त्या दिवशी येऊन बसली तर बसू द्या, पण तिच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका.

आता अभ्यासक्रमांविषयी. 'स्मॉल सायन्स'मध्ये पहिली आणि दुसरीसाठी मुलांच्या हाती द्यायचे पुस्तकच नाही, फक्त शिक्षकांसाठी पुस्तक आहे. यावरून तो करणाऱ्यांची दृष्टी कळते. पुढच्या इयत्तांना पाठ्यपुस्तक, कार्यपुस्तिका आणि शिक्षक-पुस्तिका आहे. माझा सल्ला असा की मुलांची पुस्तके जरा बाजूला ठेवून तुम्ही स्वतः त्या शिक्षक-पुस्तिका वाचा. मुले कुठे अडखळतात आणि कोणता प्रश्न कसा विचारावा हे त्यांत सापडते, आणि घरी शिकवणाऱ्या आईला नेमके तेच लागते. सहावीपासून थोरल्याला होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमातली पुस्तके दाखवा. मध्य प्रदेशातल्या ग्रामीण शाळांत १९७२ साली हा कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ साली शासनाने तो बंद केला, पण सहावी ते आठवीची त्याची हिंदी पुस्तके आजही वाचायला मिळतात. त्यांत माहिती कमी आणि "करून पाहा, मग उत्तर लिहा" असेच सगळे आहे. उत्तर छापलेलेच नसल्यामुळे ते आधी सांगून मोकळे होण्याची तुमच्या चिरंजीवांची सोयच राहत नाही.

परदेशी संचाविषयी तीन गोष्टी तपासा. एक, मापे इंच, औंस आणि फॅरनहाइटमध्ये आहेत का. दोन, ऋतू कोणते आहेत. पानगळ आणि हिमवर्षाव यांवर सहा आठवडे असतील आणि मान्सूनचा पत्ता नसेल, तर ते नाशिकच्या मुलाला परीकथेसारखे वाटेल. तीन, पृथ्वीचे वय किती सांगितले आहे. तिकडचे काही घरशिक्षणाचे संच धार्मिक श्रद्धेवर आधारलेले असतात आणि पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असे शिकवतात. आपण ज्या काळ्या दगडावर उभे आहोत, ज्यात पांडवलेणी कोरली आहेत, तो बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्याच दगडाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइटचे स्फटिक पाहायला मिळतात. आधी तिथे जा, मग संच मागवायचा की नाही ते ठरवा.

आणखी एक गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी १०० अंशांना उकळत नाही. साधारण ९८ अंशांना उकळते. वर्गात प्रयोग केला की मुले तापमापीवर ९८ वाचायची आणि वहीत १०० लिहायची, कारण पुस्तकात १०० आहे. मी विचारले की "बाई, आमची तापमापी चुकीची आहे" असे सांगायची. तुमच्या थोरल्याला हा प्रयोग तुमच्या देखरेखीखाली करू द्या आणि वहीत काय लिहितो ते पाहा. तुमचे विज्ञान दहावीला संपले हे एका अर्थी बरेच आहे, कारण खरे उत्तर तुम्ही घाईने सांगून टाकणार नाही.

सातपूर_कामगार

मी विज्ञानाचा जाणकार नाही, कारखान्यात नोकरीला आहे. पण दरमहा येणाऱ्या खोक्यांविषयी अनुभव सांगू शकतो. आम्ही वर्षभराची वर्गणी एकदम भरली होती, कारण त्यात सवलत होती. पहिली तीन खोकी मुलांनी आली त्याच दिवशी संपवली. चौथ्यापासून माझा मुलगा चित्रात दाखवल्याप्रमाणे तुकडे जोडायचा, दिवा लागला की टाळी वाजवायचा आणि खोके पलंगाखाली सरकवायचा. दिवा का लागला हे त्याला विचारले तर "सूचना बरोबर पाळल्या म्हणून" असे उत्तर आले. सातवे, आठवे आणि नववे खोके उघडलेच गेले नाही. वर्गणी मध्येच थांबवता येत नव्हती, आणि दूरध्वनी करून काही उपयोग झाला नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. खोक्यावर "८ वर्षांपुढील" असे लिहिले होते आणि ज्याच्यासाठी मागवले तो नऊ वर्षांचा होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. घरात तीन वर्षांची धाकटी आहे हे कोणी ध्यानातच घेतले नाही. एका खोक्यात मटाराएवढे शक्तिशाली चुंबक आणि गोल चपट्या बटण-बॅटऱ्या होत्या. त्यातली एक तिने तोंडात घातलेली सौ.ने वेळीच पाहिली. दवाखान्यात न जाता निभावले, पण नंतर डॉक्टरांनी जे सांगितले त्याने हातपाय गार पडले. बटण-बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत आतले अस्तर जाळू शकते, आणि एकाहून अधिक चुंबक गिळले गेले तर ते आतड्यांच्या घड्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. ताई, तुमच्या घरात चार वर्षांचा आहे. ज्या घरात मुले एकत्र बसतात तिथे सामान धाकट्याच्या वयाचे पाहून आणावे, मग पुस्तक भले थोरल्याच्या वयाचे असो.

आता आम्ही साध्या पेन्सिल सेल, टॉर्चचा बल्ब आणि वायर एवढ्यावर भागवतो. सामान भद्रकालीतून आणले. दिवा लागायला या वेळी चार दिवस लागले, आणि का लागत नव्हता हे मुलाला आता माझ्यापेक्षा चांगले सांगता येते.

नियमावली

परीक्षेचा प्रश्न राहून गेला आहे, म्हणून थोडक्यात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ या वयोगटाविषयी बोलतो; त्यात घरी शिक्षण देण्याचा वेगळा उल्लेख नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर आहेत, ते तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष धरले जातात. दहावीच्या समकक्ष माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आहे. राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या देण्यासाठी आपला नेहमीचा १७ नंबरचा फॉर्म असतो. त्याच्या अटी त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचाव्यात, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये, माझ्याही नाही.

म्हणजे तुमच्या थोरल्याच्या हातात अजून किमान चार वर्षे आहेत. विज्ञानात मागे पडण्याची भीती पाचवीपर्यंत बाळगण्याचे कारण नाही, कारण शाळेतली मुलेही सहावीलाच विज्ञान हा विषय वेगळा म्हणून शिकू लागतात. सहावी ते आठवी मात्र क्रम सोडू नये. बालभारतीचे सामान्य विज्ञानाचे पुस्तक त्या वर्षांत कपाटात असू द्यावे आणि दर तीन महिन्यांनी त्यातल्या कोणत्या धड्यांवरून हात फिरला आणि कोणते कोरे राहिले याची खूण करावी. धडे त्या क्रमाने शिकवलेच पाहिजेत असे मात्र नाही.

मखमलाबादची शेतकरीण

बाईंचे घनतेविषयीचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. माझ्या मुलाच्या बाबतीत अगदी तेच झाले. "जड बुडते" हे वाक्य मीच त्याला दिले होते आणि दहावीच्या अभ्यासाला बसल्यावर ते त्याला नडले.

पण थोरल्यासाठी वेगळा दिवस ठेवण्याला माझा थोडा विरोध आहे. वेगळा दिवस ठेवला की तो खरा अभ्यास ठरतो आणि एकत्र दिवस करमणुकीचा ठरतो, असे मुलांच्या मनात बसते. आमच्याकडे तसे झाले होते. मुलगा बागेत यायला टाळाटाळ करू लागला, कारण ते "लहान मुलांचे" होते.

पंचवटीच्या बाई

हा धोका खरा आहे, आणि मी तो विचारात घेतला नव्हता. वर्गात सगळे एकाच वयाचे असतात, त्यामुळे हा प्रश्न मला कधी पडला नाही. मग असे करता येईल: थोरल्याच्या दिवशी जे मोजायचे ते एकत्र दिवशी सगळ्यांनी पाहिलेल्याच गोष्टीतले असावे. वेगळा विषय काढू नये. बेदाण्याचे वजन तो आपल्या दिवशी मांडील, पण ताटे तीच असतील.

मिश्र वयाची मुले एकत्र शिकणे ही काही अमेरिकेतून आलेली कल्पना नाही, हेही जाता जाता नमूद करते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली, आणि तिथे इयत्तेप्रमाणे रांगा लावणे शक्यच नव्हते.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लावले, कारण मधल्या काळात काही गोष्टी करून पाहिल्या.

बरणीची कसोटी घेतली. धाकट्याने अपेक्षेप्रमाणे बरणी दाखवली. मधलीने आधी बरणी दाखवली, मग पाणी पुन्हा पेल्यात ओतून पाहिले आणि कोणालाही न विचारता उत्तर बदलले. थोरल्याने धाकट्याला पटवण्यासाठी पाऊण तास खर्च केला. मी मध्ये पडले नाही. शेवटी धाकटा म्हणाला, "सारखे आहे, पण बरणीत जास्त आहे," आणि दोघेही समाधानी झाले.

पाणी उकळून पाहिले. स्वयंपाकघरातली अंकांची तापमापी ९७.८ वर थांबली. थोरल्याने वहीत १०० लिहिले नाही. "तापमापी खराब, बदलून आणावी" असे लिहिले. बाई, तुम्ही सांगितलेले कारण मी त्याला अजून सांगितलेले नाही. सुटीत मामाकडे मुंबईला जाणार आहोत, तेव्हा तीच तापमापी सोबत नेण्याचे ठरले आहे.

आमचा निर्णय असा झाला. परदेशी संच आणि दरमहाची खोकी दोन्ही रद्द. चार वर्षांच्या चक्राऐवजी मखमलाबादच्या ताईंचे ऋतूंचे चक्र घेतले आहे. शिक्षक-पुस्तिका मी रात्री वाचते. दोन वाचून झाल्या. थोरल्याचा वेगळा दिवस ठेवला आहे, पण विषय तोच असेल, आणि पुढल्या जूनमध्ये तो सहावीच्या वयाचा झाला की सामान्य विज्ञानाच्या पुस्तकावर खुणा करण्याचे काम त्याच्याकडेच देणार आहोत. घरातले सगळे छोटे चुंबक, फ्रीजवरचे शोभेचे धरून, वरच्या फळीवर गेले.

एक शंका उरली आहे. उन्हाळ्यातल्या सावलीच्या विषयासाठी शून्य सावलीचा दिवस घ्यावा असे मनात आहे. नाशिकला तो केव्हा येतो, आणि तिघांना मिळून करता येईल का?

पंचवटीच्या बाई

अवश्य घ्या. नाशिकचे अक्षांश जवळजवळ बरोबर २० अंश उत्तर आहेत, त्यामुळे २० मेच्या आसपास आणि पुन्हा २३ जुलैच्या आसपास सूर्य डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, म्हणून मे धरावा. गच्चीवर पाण्याचा सरळ उभा पाइप किंवा तांब्या ठेवा. धाकट्याला सावली हरवलेली दिसेल. मधलीने सकाळी दहापासून दर अर्ध्या तासाने खडूने सावलीचे टोक आखावे. थोरल्याला एवढेच विचारा की सावली घड्याळात बारा वाजता का हरवली नाही आणि साडेबाराच्या सुमारास का हरवली. आपली घड्याळे ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि नाशिक ७३.८ अंशांवर आहे, एवढे दोन आकडे त्याला द्या. एका अंशाला ४ मिनिटे हे त्याने शोधावे. तीन-चार मिनिटांचा फरक उरेल, तो उरू द्या.

गोदाकाठ

लिहून ठेवले. जाता जाता, कोणाकडे जुना ताणकाटा पडून आहे का? अर्धा किलोपर्यंतचा चालेल. दुकानात मिळाला तो सरळ पन्नास किलोचा, गोण्या तोलायचा.

सातपूर_कामगार

माझ्याकडे आहे, एक किलोचा. रविवारी सकाळी गंगापूर रस्त्याला येणे आहेच. काटा शून्यावर बसत नाही, वीस ग्रॅम पुढे दाखवतो, चालेल का?

गोदाकाठ

आणा. तो वीस ग्रॅमचा हिशेब थोरल्याकडे देते.